डब्यातला पंखा

मी तापट आहे असं कुणी म्हटलं की मला भयंकर राग यायचा. आता येत नाही, कारण तसं म्हणणारं माणूसच जवळ उरलेलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मधली काही वर्षं मी एका डब्यात काढली. उजनीचं धरण बांधताना साहेबलोकांना राहायला आणलेली ती चाकांवरची खोली. खाली दोन चाकं, पुढे ट्रॅक्टरला अडकवायचा आकडा, वर गोलसर टप आणि आत दोन खाटा मावतील एवढी जागा. धरण झालं, साहेब गेले, डबा गंजत पडला. भंगारात निघाला तेव्हा मी तो ओढत आणून पळसदेवच्या अलीकडे, पाण्याकाठच्या माझ्या माळाच्या तुकड्यावर उभा केला. भिंतीत तपकिरी रंगाचे तीन जुने प्लग होते, दोन पिनांचे. धरणाच्या कॅम्पातला जनरेटर हलवला त्या दिवसापासून ते मेलेलेच होते.

माझा धंदा मोटारी भरण्याचा. बागायतदारांच्या पाण्याच्या जळालेल्या मोटारी मी तांब्याची तार गुंडाळून पुन्हा चालत्या करायचो. लोकांच्या मोटारी भरणारा माणूस आणि स्वतःच्या घरात रॉकेलची चिमणी! विजेचा खांब लांब होता. तो जवळ आणू शकेल अशा लाइनमनशी मी पहिल्याच भेटीत कचाकचा भांडून बसलो होतो. गप्पा मारायला शेजारच्या खोपटातले आबा तेवढे यायचे. एके काळी मेंढरं राखलेला माणूस, आता थोडी शेती आणि चार शेळ्या. सकाळी चहाला यायचे, पाण्याकडे बघत बसायचे आणि जायचे. दिवसभरात मी ऐकलेला माणसाचा आवाज बहुधा तेवढाच.

मी तिथे का होतो, तर वडिलांमुळे. म्हणजे माझ्यामुळेच, पण तेव्हा मी वडिलांमुळे म्हणायचो. तात्या बारामतीकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होते. जन्म यंत्रांच्या घरघरीत गेलेला. घरी शांततेत त्यांना झोपच यायची नाही. दुपारी पडायचं तरी टेबल फॅन लागायचा, थंडीत भिंतीकडे तोंड करून का होईना. त्यांनीच शब्द टाकून मला तिथे वायरमन म्हणून चिकटवलं. दोन वर्षांत मी वरिष्ठाशी भांडलो. मिटवायला तात्या आले, तर सगळ्या खात्यासमोर मी त्यांच्यावरच ओरडलो की तुम्ही जन्मभर मान खाली घालून जगलात. त्यांनी हात पुसले आणि आपल्या लेथवर परत गेले. त्याच संध्याकाळी मी घर सोडलं.

पुढे तीन वर्षं बोलणं नाही. दर दसऱ्याला आपट्याची पानं खिशात घालून मी फाट्यापर्यंत जायचो. धाकट्याने थोरल्याला सोनं द्यायला जायचं असतं. एसटी यायची, जायची, आणि मी पानं घेऊन परत डब्यात.

चौथ्या वर्षी, भाद्रपदात, उसाच्या नोंदीसाठी कारखान्यावर गेलेल्या एका गिऱ्हाइकाबरोबर निरोप आला.

"तुझं तात्या भेटलं व्हतं. दसऱ्याला येतो म्हनलं, चार दिवस ऱ्हातो. हितं पंखा हाय का, तेवढं इच्यारलंय."

थोरल्याने आपण होऊन धाकट्याकडे यायचं! मी म्हटलं, "आहे म्हणून सांगा." पंखाही नव्हता आणि तो लावायला वीजही नव्हती.

त्या महिन्यात मी जेवढं काम केलं तेवढं आयुष्यात केलं नसेल. पुण्याहून सोलरच्या दोन पाट्या आणल्या आणि टपावर दक्षिणेकडे कलत्या बसवल्या. ट्रॅक्टरची बॅटरी खाटेखाली ठेवली. इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच्या हाताने भरला. भिंतीतल्या जुन्या वायरी ओढून काढून नव्या घातल्या, प्लग मात्र तेच ठेवले. पहिल्यांदा टेस्टर लावला आणि त्या मेलेल्या प्लगात लाल ठिपका पेटला, तेव्हा तो दाखवायला जवळ कुणी नव्हतं याचं मला फार वाईट वाटलं. मग बाहेर येऊन आबांना हाक मारली.

आबांनी वरच्या पाट्या पाहिल्या, खालचा दिवा पाहिला आणि हात जोडले. "रोज राबतंय व्हय हे? ह्याला सुट्टी कवा?"

"उन्हाला कसली सुट्टी, आबा?" म्हणत मी हसलो. ते हसले नाहीत.

हिशेब मी चोख केला होता. दिवसभर ऊन मिळालं तर दुपारी तीन तास पंखा, संध्याकाळी दिवा, आणि बॅटरी तरीही दमणार नाही. दसऱ्याच्या आदल्या सकाळी मी पंखा आणायला बारामतीला गेलो. परत आलो तेव्हा अंधार पडला होता. नवा पंखा, धीर कुठला निघायला? लावला आणि त्याच्या वाऱ्यात तसाच झोपून गेलो. सकाळी तो बंद करून घाईघाईने फाट्यावर गेलो. रोज टपावर चढून पाट्या पुसायचो, ते तेवढं त्या दिवशी राहिलं.

तात्या उतरले. वाळले होते. हातात पिशवी, अंगात इस्त्रीचा सदरा. मी पिशवी घेतली आणि पुढे चालू लागलो. डब्यात आल्यावर त्यांनी वायरिंगवरून बोट फिरवलं. "तूच केलं?" म्हणाले. मी मान हलवली. "सरळ काढलीय लाइन," ते म्हणाले. फिटरच्या तोंडून एवढं येणं म्हणजे खूप झालं. खिशातली पानं काढून द्यायची होती, पण म्हटलं जेवण होऊ दे, निवांत देऊ.

जेवून ते आडवे झाले. पंखा सुरू केला. ऑक्टोबरचं ऊन, तापलेला पत्रा, आणि तो वारा. तात्यांचे डोळे मिटले. मी दारात बसून त्यांच्याकडे बघत होतो. इतका सुखी मी पुन्हा कधी झालो नाही.

दहाएक मिनिटांत इन्व्हर्टर कण्हायला लागला. पंखा रेंगाळला आणि थांबला. तात्यांनी डोळे उघडले.

मी टपावर चढलो. दोन्ही पाट्यांना हळदीकुंकवाची बोटं, झेंडूची माळ, आणि वरून घोंगडी घट्ट बांधलेली. आदला दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी अवजारं धुवायची, पुजायची आणि त्यांना विसावा द्यायचा. आमच्याकडे विळासुद्धा कुणी हातात धरत नाही. आबांनी माझ्या पाट्यांना सुट्टी दिली होती, आणि काल दिवसभर आणि आज दुपारपर्यंत उन्हाचा कण आत गेला नव्हता.

नेमके तेवढ्यात आबा सोनं घेऊन येत होते. "काढतोच आता घोंगडी," म्हणत होते. मी टपावरूनच सुरू झालो. काय काय बोललो ते इथे लिहवत नाही. अडाणी म्हणालो, मेंढरांबरोबर राहून मेंढरू झालात म्हणालो. आबा खाली उभे, मूठभर पानं हातात. मी घोंगडी भिरकावली. त्यांनी ती उचलली, झटकली, खांद्यावर टाकली आणि गेले.

खाली उतरलो तर तात्या चपला घालत होते.

"खंडेनवमीला आमीबी लेथ बंद ठेवत हुतो," ते म्हणाले. "त्या मानसानं काय वाईट केलं?"

"तात्या, उद्या दुपारपर्यंत बॅटरी भरते. पंखा चालेल."

"पंख्याचं काय न्हाय रं. मला वाटलं, हितं एकटा ऱ्हाऊन निवळला असशील."

थांबा म्हणायला तोंड उघडायला हवं होतं. पण ताठा आडवा आला. ते चारच्या एसटीने गेले. पुन्हा आले नाहीत. पुढच्या वैशाखात गेल्याचं कळलं, तेही त्याच गिऱ्हाइकाकडून. आबा चहाला यायचे बंद झाले, आणि त्यांच्या खोपटाकडे जायचा धीर मला कित्येक महिने झाला नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र ऊन स्वच्छ पडलं. दुपारपर्यंत बॅटरी भरली. मी तात्यांच्या खाटेकडे तोंड करून पंखा लावला, उशाला खिशातली आपट्याची पानं ठेवली आणि बाहेर डब्याच्या सावलीला येऊन बसलो. पंखा छान चालला होता. आत कुणी झोपलंय असं धरून मी संध्याकाळपर्यंत आवाज केला नाही.