मागून घेतलेली बिडी

टॉर्चवाल्या मावशी दिवसाला पंधरा-वीस बिड्या मागून घ्यायच्या आणि एकही ओढायच्या नाहीत. तंबाखू सोडवायला वस्तीत नेमलेल्या बाईची ही पद्धत पाहून संस्थेच्या साहेबांना भोवळ यायची बाकी होती.

वस्तीचा शिष्टाचार असा, की बिडी असो वा तंबाखू-सुपारीचा खर्रा, मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. डॉक्टरला खुशाल नाही म्हणता येतं. मावशी नेमका याचाच फायदा घेत. "एक दे नं गा," म्हणत हात पुढे करायचा, "मंग पीन," म्हणत बिडी पिशवीत टाकायची आणि टॉर्च लावून देणाऱ्याच्या तोंडात कॅन्सरचे चट्टे शोधायचे. "हासून काहून राहिला? तेवढा धूर तुह्या छातीत नाही गेला. उपकार मान."

मी कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिथे गेले होते. माझ्याकडे इंग्रजीत एकतीस स्लाइड्स होत्या, सडलेल्या फुफ्फुसांच्या. लोकांनी त्या फार आवडीने पाहिल्या, बिडी ओढत. "चांगलं हाय वं तुहं पिक्चर," मावशी म्हणाल्या, "पन त्यात आपल्या मोहल्ल्यातला एकबी नाही. लोकायले वाटते, मरते ते बाहेरचेच."

एकदा त्यांनी माझ्या ओढणीचा वास घेतला. "तुह्या घरी कोन ओढते वं?"

"कोणीच नाही."

"बरं. मंग तो कोनीच खोकलते का?"

खोकायचे. बाबा बँकेत अधिकारी आहेत. बाल्कनीत उभं राहून महागडी सिगारेट ओढतात. कॅन्सर हा आमच्याकडे वस्तीतल्या लोकांचा विषय. त्यासाठी आम्ही देणगी देतो.

प्रकल्प संपला. मला प्रमाणपत्र मिळालं. मावशींना नारळ मिळाला, कारण 'लोकांकडून बिड्या मागतात' अशी तक्रार होती. निघताना त्यांनी आपली पिशवी माझ्या हातात दिली. "घरी पिक्चर नको दाखवू."

त्या संध्याकाळी बाल्कनीत गेले. बोलायचं बरंच ठरवलं होतं, ते बाजूला ठेवलं. मग नुसता हात पुढे केला. "बाबा, एक द्या."

"तू ओढतेस?"

"नंतर ओढीन," म्हणत मी ती पिशवीत टाकली.

तेव्हापासून रोज मागते, सोबत मावशींचा एखादा किस्सा सांगते. आता मी दिसले की बाबा पाकीट लपवतात. वस्तीत असं कोणी केलं नव्हतं. त्याला शिक्षण लागतं. काल मात्र खोकल्याची उबळ ओसरल्यावर त्यांनी पाकीटच पुढे केलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्या त्या मावशी... घरी येऊन तपासतात का?"

रविवारी येणार आहेत. टॉर्च त्यांचा स्वतःचा आहे. संस्थेने फक्त ओळखपत्र काढून घेतलं.