फाट्यावरचा वड

धर्मेंद्रनं गाडी मागं घेतली आणि वडनेरच्या फाट्यावरचा एकुलता एक वड चाकाखाली गेला. वड म्हणजे कमरेएवढी काडी आणि चार पानं. पण मामीच्या लेखी तो वडच होता.

नवी गाडी मामीला दाखवायला तो सिंदी मेघेहून मुद्दाम आला होता. गाडीला मागचं दाखवणारा कॅमेराही होता. त्यात वड अगदी स्पष्ट दिसला. धर्मेंद्रला ती वाळकी तुराटी वाटली.

ही मामी म्हणजे अनुसयाबाई. दोन उन्हाळ्यांमागं प्रभाकरमामा याच फाट्यावर एसटीची वाट पाहता पाहता ऊन लागून गेले. तिथं टिनाचा निवारा आहे, पण मे महिन्यात त्यात बसणं म्हणजे तव्यावर बसणं. म्हणून लोक विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागं एक उभे राहतात. सावली सरकली की रांगही सरकते. मामा रांगेत शेवटी होते. सावली त्यांच्यापर्यंत पुरली नाही.

तेव्हापासून वटपौर्णिमा झाली, की बायकांनी पुजून टाकलेल्या फांद्या मामी गोळा करायची आणि त्यातल्या जाड जाड फाट्यावर रोवायची.

"सवाष्णींच्या फांद्या तू काऊन उचलतं वं?" शेजारच्या वच्छलाबाईनं टोकलं.

"तुमचे सात जन्म झाले ना बुक? आता फांदी माही."

सगळ्या वाळल्या, एक जगली. मामा गेल्यापासून दुपारपर्यंत अंथरुणातच पडून राहणारी मामी पुन्हा सकाळी उठू लागली, ती हिला न्हाणीचं पाणी नेऊन घालायला.

यंदा मृग कोरडाच सरत आला होता. आभाळ राखेसारखं. गावातल्या विहिरींना दोर पुरेनात आणि खांबामागची रांग पार डांबरापर्यंत गेली होती.

मामी आली. चाकाखाली वाकून पाहिलं.

"गाडी चांगली हाय," ती म्हणाली. "पुढं घे."

चार शिव्या दिल्या असत्या तर धर्मेंद्रला बरं वाटलं असतं. मामीनं मोडका बुंधा विळ्यानं साफ कापला, वर शेणमाती थापली, तुटलेला तुकडा शेजारी रोवला. त्यानं ओशाळून थंड पाण्याची बाटली तिला प्यायला दिली. तिनं ती बुंध्याशी रिकामी केली.

"मामी, पारा दरसाल वाढूनच राह्यला," तो म्हणाला. "याची सावली पडेपर्यंत इथं कोण राहीन?"

"ऊन राहीन."