आळेफाट्याचा आपोआप सुटणारा टँकर

आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टचा कुणी किस्सा सांगत नाही. न चालणाऱ्यांचे मात्र पोत्यानं साठतात. आमचे तर सांगतानाही लाज वाटते.

आळेफाट्याच्या एका दूध केंद्रात मी आणि जुन्नरचा सलीम कॉम्प्युटर बघायचो. मशीन ज्यावर चालायचं ते लिनक्स तेव्हा नवीन होतं. त्यातला क्रॉन नावाचा प्रोग्राम रोज पहाटे आमची स्क्रिप्ट, म्हणजे आम्ही लिहून ठेवलेली हुकमांची यादी, चालवणार आणि कुठला टँकर कुठल्या गावाला जाणार ते छापणार, अशी व्यवस्था. कागद नाही तर टँकर नाही.

पहिल्याच दिवशी कागद आला नाही. हातानं चालवली की स्क्रिप्ट पळायची, एकटी सोडली की ठप्प. सलीम म्हणाला, "आपन बघतोय तवर काम करतंय राव. पक्कं सरकारी हाय." शेवटी कळलं, प्रिंटरच्या प्रोग्रामचा मशीनमधला पूर्ण पत्ता लिहून दिल्याशिवाय क्रॉनला तो सापडतच नव्हता.

पत्ता दिला, तर कागद उन्हं चढल्यावर आला. मशीनचं घड्याळ विलायतेच्या वेळेवर! मढच्या संकलन केंद्रावरून मुक्ताबाईंचा फोन आला. "दूध नासलं, भाऊ. तुमचं घड्याळ कंच्या गावचं हाय?"

घड्याळ लावलं, तरी मधूनच खाडा पडायचा. "एरर काहीच नाही," असं आम्ही केंद्राच्या साहेबांना छातीठोक सांगायचो. मग कळलं, क्रॉन प्रत्येक वेळी मशीनमधल्याच मेलबॉक्समध्ये तक्रार टाकत होता. तो मेलबॉक्स आम्ही कधी उघडलाच नव्हता. साहेबांनी त्या सगळ्या तक्रारी छापून आमच्याच टेबलावर आणून ठेवल्या. शिव्या परवडल्या असत्या.

शेवटी सगळं सुरळीत झालं. खंडेनवमीला आम्ही रीतसर मशीन बंद केलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. हत्यारांना त्या दिवशी विश्रांती द्यायची, ही आपली रीतच. दसऱ्याला सकाळी केंद्रात न डोकावता मोटारसायकलवरून थेट मढ गाठलं. मुक्ताबाईंना सोनं द्यायचं आणि झाल्या प्रकाराची माफी मागायची, असं ठरलं होतं.

मुक्ताबाई रस्त्याच्या कडेला भरलेल्या कॅनपाशी उभ्या होत्या. सलीमनं आपट्याची पानं पुढं केली. "ताई, आता टँकर कदी चुकायचा न्हाई."

त्या आळेफाट्याकडच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "आजचा कुटं हाय?"

आमच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. मान वर करवेना. कालची पूजा, बंद मशीन, सगळं मीच अडखळत सांगितलं.

त्यांनी पानं पदरात घेतली.

"मशीनला सन असतो व्हय? बरं हाय. म्हशीला नसतो."