वेर्नाची खुर्ची

स्तेफा कोस्त्यूकला वेर्ना डोळ्यांसमोर नको असायची. झालं, सांगून टाकलं. डुब्रोव्कात आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. चर्चच्या हॉलमध्ये बायकांनी पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, केल्या की वेर्नाच्याच आधी खाऊन संपायच्या. शाळेची बस बर्फात अडकली की आया फोन करायच्या तोही वेर्नालाच. का, तर ती सोळा वर्षं शाळा मंडळाची विश्वस्त! आसपासच्या साऱ्या सरकारी शाळांचा कारभार निवडून आलेले आठ विश्वस्त बघायचे. त्यांत आमच्या गावाची खुर्ची एकच, आणि तिच्यावर वेर्ना.

"कुंपण मी रंगवलं, मुलांचं सूप मी ढवळलं, आणि मिरवायचं हिने!" स्तेफा घरात धुसफुसायची. शेवटी ती निवडणुकीला उभी राहिली.

मंडळ आमची शाळा बंद करणार अशी कुणकुण तेव्हाच लागली होती. वेर्ना स्वतः स्तेफाच्या दारात आली.

"या खेपेला राहू दे गं, स्तेफा. तुझी लारिसा याच शाळेत शिकवते. शाळेचा विषय निघाला की तुला बैठकीतून उठून जावं लागेल. नियमच आहे तसा."

"खुर्ची सुटत नाही म्हण की सरळ!" स्तेफाने दार लावून घेतलं.

शिक्षिकेच्या आईपेक्षा शाळेसाठी कोण जास्त भांडेल, असं आम्हालाही वाटलं. आमची अक्कल शेण खायला गेली होती! अकरा मतांनी स्तेफा निवडून आली. महिनाभर ती गावात नाक वर करून हिंडली.

मार्चमध्ये शाळा बंद करायचा ठराव आला. सारं गाव बैठकीला जाऊन बसलेलं. अध्यक्षांनी विचारलं, "या विषयात कुणाचा घरचा संबंध?"

स्तेफा उठली. मान खाली घालून बाहेर गेली आणि कोट टांगायच्या खुंट्यांखाली बसून राहिली.

दार उघडलं ते वेर्नाने.

"चार विरुद्ध तीन. गेली शाळा."

"आणि मी आत असते तर?"

"चार-चार. बरोबरी झाली की ठराव पडतो." वेर्ना एवढंच बोलली. टोमणा नाही, काही नाही.

मागोमाग गाव बाहेर आलं. बायका वेर्नाच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. आपल्या हातून शाळा गेली, हे स्तेफाला कळत होतं. पण तेव्हाही तिच्या पोटात दुखलं ते त्या वेर्नाच्या गळ्यात पडल्या म्हणून.