दोन राजीनामे

आमच्या घरी पाठकोरं पत्रक कधी वाया गेलं नाही. माझं शुद्धलेखन, आईची किराण्याची यादी, सिलिंडरवाल्याचा नंबर, सगळं त्यावरच. छापील बाजूला बाबांची भाषा असायची: धिक्कार, जाहीर सवाल, उत्तर द्या. मी बाराखडीच्या आधी उद्गारचिन्ह शिकले, असं आई म्हणते.

बाबा बँकेत कारकून होते आणि युनियनचं लिखाण त्यांच्याकडे होतं. संध्याकाळी ते बंद पडलेल्या मिलच्या वस्तीत जाऊन कामगारांना सही करायला शिकवायचे. वाचता नाही आलं तर पुढे बघू, पण सही आलीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. "अंगठा कोणीही धरून टेकवतो," ते म्हणायचे, "सही माणसाला स्वतःलाच करावी लागते." पत्रकाबद्दलही त्यांचा एक नियम होता. ज्याने केलं त्याचं नाव हवं, आणि जो लिहितोय त्याचंही. नाव नसेल तर ती नुसती कुजबुज. निवृत्तीनंतर ते इंदूरजवळ राऊला आमच्या वसाहतीच्या नागरिक समितीचे सचिव झाले. पाणी, दिवे, खड्डे. खाली नाव आणि सही.

मागच्या वर्षी एका सकाळी समितीच्या अर्जाच्या झेरॉक्स काढायला ते भंवरकुआंच्या चौकात गेले. तिथे एक सब-इन्स्पेक्टर दोन शिपायांना घेऊन हातगाड्या हटवत होता. पोहेवाला म्हणाला, पातेलं गरम आहे साहेब, दोन मिनिटं द्या. साहेबाने पातेलं दांडक्याने उलटवलं आणि पोहेवाल्याच्या कानाखाली मारली. बाबा पुढे झाले. त्या वर्दीवर नावाची पट्टी नव्हती, नुसती दोन भोकं होती. बाबांनी खिशातून पेन काढलं आणि नेहमीच्या अदबीने विचारलं, "साहब, आपका शुभ नाम?"

"नाम चाहिए अंकल को? लिखो, लिखो."

दांडकं पेनवर बसलं. पेन धरलेल्या मनगटाचं हाड मोडलं.

मी पोलीस ठाण्यात पोचले तेव्हा बाबा बाकावर बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवून, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. मी ओरडले. पत्रकात लिहितात तसंच ओरडले. तुमच्या नोकऱ्या घालवीन, एकेकाला कोर्टात उभं करीन, असलं काहीतरी. लिहिण्याचं काम करणारा मुंशी रजिस्टरातून डोकं वर न काढता म्हणाला, "मैडम, अंकल गिर गए थे. उमर में हो जाता है." सरकारी दवाखान्यात सोबत आलेल्या शिपायानेही डॉक्टरांना तेच सांगितलं, आणि कागदावर तेच लिहिलं गेलं: गिरने से.

दर मंगळवारी पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडे जनसुनवाई असते, लोकांच्या तक्रारी ऐकायची. बाबांनी तोंडी सांगितलं, मी अर्ज लिहिला. सब-इन्स्पेक्टरचं नाव आम्ही पोहेवाल्याकडून मिळवलं, त्याला ते पाठ होतं. मोठ्या साहेबांनी अर्ज वाचला, वाईट वाटल्यासारखा चेहरा केला आणि कोपऱ्यात लिहिलं: चौकशीसाठी. आवकचा शिक्का बसला. आठ दिवसांनी कळलं की अर्ज चौकशीसाठी त्याच ठाण्यात आलाय. ज्याने हाड मोडलं त्याच्या शेजारच्या टेबलावर.

मग कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरला. त्यात पातेलं उलटताना दिसत होतं, मनगट नव्हतं. पेपरात चार ओळी आल्या. आमच्या समितीचे अध्यक्ष, शेजारच्या गल्लीतले काका, गरम कचोऱ्या घेऊन घरात शिरले.

"अरे भिया, लाइन अटैच झाला तो! वाचलं का नाही? जिंकले आपण!"

बाबांनी डाव्या हाताने कचोरी उचलली. "लाइन अटैच म्हणजे काय हो? पोलीस लाइनीत बसवतात. सकाळी हजेरी, दुपारी झोप, पगार चालू. तुम्हाला कोणी असं अटैच केलं तर तुम्ही पेढे वाटाल."

काका हसले. आईही हसली. मला हसू आलं नाही.

त्याच सुमारास माझी सरकारी शाळेत शिक्षिका म्हणून निवड झाली होती. नेमणुकीच्या कागदाआधी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला यायचा होता. मुंशीचा फोन आला, अगदी घरच्यासारखा. "अंकल, मैडम का वेरिफिकेशन चल रहा है ना? और उस दिन थाने में जो हल्ला किया, उसमें सरकारी काम में बाधा का केस बनता है. हमने बनाया नहीं. आप राजीनामा कर लो, सब अपने घर खुश."

इथल्या ठाण्या-कोर्टांत राजीनामा म्हणजे तडजोड. दोन्ही बाजू राजी झाल्या, आता तक्रार नाही, असा कागद. आम्ही इंदूरचे मराठी लोक हिंदीत बोलताना हा अर्थ धरतो आणि मराठीत बोलताना दुसरा. कधी घोटाळा झाला नव्हता. तो शब्द आमच्या घरात येईपर्यंत.

मी दोन दिवस भांडले. म्हटलं, मला नको ती नोकरी. म्हटलं, तुम्हीच लिहिलंत ना आयुष्यभर, की झुकणार नाही म्हणून? आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाषण झालं असेल तर ताटं घे."

तिसऱ्या दिवशी बाबा चपला घालून दारात उभे राहिले. प्लास्टरमुळे त्यांना गाडी चालवता येत नव्हती. स्कूटी मीच काढली. राऊहून भंवरकुआंपर्यंत मला थांबायला जागा होती, पण मी थांबले नाही. नको ती नोकरी असं म्हणणं सोपं होतं. नेमणुकीच्या यादीतलं माझं नाव मी रोज मोबाईलवर उघडून बघत होते.

ठाण्यात तो सब-इन्स्पेक्टर आला होता, साध्या कपड्यांत. त्याने चहा मागवला. "अंकल, हाथ कैसा है अब? कैल्शियम लिया करो." मुंशीने छापील वाटावा असा कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की गैरसमज झाला होता, माझा कुणाशी वाद नाही, मला कोणतीही कारवाई नको. तक्रारदाराला दुखापत पडल्यामुळे झाली. बाबांनी सगळं वाचलं. एका शब्दाची वेलांटी चुकली होती, ती बोटाने दाखवली. मग डाव्या हाताने पेन धरायला गेले, पण पेन बोटांतून निसटलं.

"छोड़ो अंकल, टाइम खोटी मत करो, अँगूठा लगा दो."

मुंशीने त्यांचा डावा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवला.

पहिल्या वेळी ओरडणारी मी या वेळी चहा प्याले. गोड होता.

रात्री नाशिकहून आत्याचा फोन आला. आईने सांगितलं, "हो वन्सं, झाला एकदाचा राजीनामा."

"दिला? खरंच दिला त्याने?" आत्याचा आवाज स्पीकरवरून घरभर झाला. "शाब्बास! अगं दादाने नोकरी घालवली मेल्याची! मी म्हणतच होते, माझ्या भावाच्या वाटेला जाऊ नका. दे बरं त्याला फोन."

आईने फोन बाबांकडे दिला. मला वाटलं, ते अर्थ समजावून सांगतील. शब्दाचा अर्थ सांगायची संधी त्यांनी कधी सोडली नव्हती. ते म्हणाले, "हो. झालं." आत्या बराच वेळ बोलत राहिली आणि ते "हं, हं" करत राहिले.

फोन ठेवून त्यांनी मला कागद घेऊन बसायला सांगितलं. मराठीत लिही, म्हणाले. "प्रति, अध्यक्ष, नागरिक समिती. मी आजपासून सचिवपदाचा राजीनामा देत आहे. कारण: मी एका खोट्या कागदावर अंगठा दिला आहे. यापुढे समितीच्या पत्रकावर माझं नाव असू नये." मी म्हटलं, कारण कशाला लिहायचं, प्रकृती लिहा. ते म्हणाले, "लिही."

खाली सहीची जागा सोडली. दुसऱ्या दिवसापासून ते जुनी पत्रकं काढून त्यांच्या कोऱ्या बाजूवर डाव्या हाताने स्वतःचं नाव गिरवायला लागले. आधी नुसत्या उभ्या रेघा, मग गोल, मग पहिलं अक्षर. मिलच्या वस्तीत शिकवायचे त्याच क्रमाने. नऊ दिवस लागले. सही वाकडी आली, पण वाचता येत होती. काका तो कागद घेऊन उंबऱ्यात रडले आणि म्हणाले, "भिया, हे काय लावलंय, फाडून टाकतो मी." बाबांनी फाडू दिला नाही. या सगळ्या प्रकरणात मराठी राजीनामा दिला तो एकट्या माझ्या बापाने.

माझा दाखला स्वच्छ आला. मी रुजू झाले. समितीच्या पुढच्या पत्रकाखाली नावाची जागा रिकामी होती. काकांनी मला विचारलं, तुझं घालू का? मी म्हटलं, सरकारी नोकरीत चालत नाही काका.

गेल्या महिन्यात शाळेत जाताना पलासियाच्या सिग्नलला तो दिसला. दुसरं ठाणं, तीच वर्दी. या वेळी छातीवर नावाची पट्टी होती, पितळेची, घासूनपुसून. मी स्कूटीवरून ती वाचली, आडनावासकट. त्याचं लक्ष गेलं.

"क्या हुआ मैडम? कुछ काम है?"

"नाही," मी म्हटलं, मराठीतच. मागून हॉर्न वाजायला लागले. हजेरीची वेळ होत आली होती. मी गाडी पुढे घेतली.

हे लिहून मी बाबांना वाचायला दिलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, मग कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"त्याचं नाव कुठाय?" त्यांनी विचारलं. कागद माझ्याकडे देत म्हणाले, "आणि तुझं?"