कानबाईच्या दिवशीचं पाणी

ही गोष्ट मी सासरी सांगितली नाही, माहेरी सांगितली नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही मनातल्या मनात म्हटली नाही. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? ते मलाही धड सांगता यायचं नाही. सांगायला बसले तर सुरुवात कुठून करावी तेच कळेना — कवितेपासून, की पाण्यापासून?

पाण्यापासूनच करते. जळगावला आमचा चटईचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय हो, पत्र्याचं शेड, आत मशीनं, मागे हौद, आणि शेडला लागूनच आमचं घर. भंगारातलं प्लास्टिक येतं, ते आधी धुवायचं, मग वितळवून त्याच्या रंगीत पट्ट्या करायच्या आणि त्या विणायच्या. लग्नकार्यात तुम्हीही बसला असाल अशा चटईवर. धुण्याचं पाणी हौदात साठतं, आणि हौद भरला की पाईपानं मागच्या नाल्यात सोडायचं. नाला खाली जाऊन नदीला मिळतो. जिथे मिळतो, तिथेच माझं माहेर. हसू नका. म्हणजे — हसा, दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही हसलेच असते.

आणि मी कविता करते. कशावर? नदीवर! आटलेल्या डोहावर, उपसलेल्या वाळूवर, मासे मेले त्यावर. पहिली कविता छापून आली तेव्हा सासूबाईंनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली आणि म्हणाल्या, "खाल्ल्या घरचे वासे मोजते ही." खोटं थोडंच होतं? त्या दिवसापासून मी घरात पाण्याचा विषयच काढला नाही. व्यासपीठावर तावातावानं बोलायची, घरी आले की तोंडात मिठाची गुळणी.

अजून एक, हेही आजवर बोलले नाही. एकदा मी मागच्या दारात उभी होते आणि ह्यांनी हौद सोडला. पाणी गुलाबी होतं, मधून हिरवी धार, वर पिंजलेल्या कापसासारखा फेस. मला ते छान दिसलं. शप्पथ, आधी छान दिसलं आणि मग वाईट वाटलं. माझ्या कविता त्या छान वाटण्यातून आल्या की वाईट वाटण्यातून, हे मला आजही उमगलेलं नाही. खूप विचार केला, डोकंच चालत नाही.

असो, भरकटते मी. श्रावणात आमच्या माहेरी कानबाई बसते, खानदेशातली देवी. रविवारी तिला बसवायची, सगळ्या भाऊबंदांनी मिळून नैवेद्याचे रोट करायचे, गाणी म्हणायची, आणि सोमवारी सकाळी पाटावर घेऊन वाजतगाजत नदीवर बोळवायची. त्या वर्षी आधी काही दिवस अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. धुळ्याकडची, त्यामुळे बोलणं अगदी अहिराणी. म्हणाली, "तुमनी लाईनना बठ्ठासले सांगजो माय, सोमवारले पाणी सोडानं नही. आमनी कानबाई शे." लाईन म्हणजे नाल्याकाठची आमची चटई कारखान्यांची रांग. मी म्हटलं, "सांगते अक्का, तू काळजीच करू नको."

आणि मी कुणालाच सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? सासूबाई पुढ्यात होत्या म्हणून? हे चिडतील म्हणून? विसरले म्हणायची सोय नाही, कारण विसरले नव्हते. भाकरी थापताना ओठावर यायचं आणि मी गिळून टाकायची. एवढंसं तर वाक्य होतं — सोमवारी हौद सोडू नका. ह्यांनी ऐकलंही असतं कदाचित. नवरा वाईट नाही माझा. मग कशाला भ्याले मी? ते "वासे मोजते" पुन्हा ऐकावं लागेल, एवढ्याला?

रविवारी संध्याकाळी मागे गेले तर आमचा हौद काठोकाठ भरलेला. शेजारी गुलाबभाऊंचं युनिट, त्याला कुलूप होतं. त्यांच्याही घरी कानबाई असते. कुणी न सांगता आपल्या मनानंच त्यांनी काम थांबवलं होतं, कामगाराला बंद ठेवायला बजावून ते गावी गेले होते. कुंपणावरून मला त्यांचा हौद दिसत होता. कोरडा ठणठणीत होता. हे लक्षात ठेवा, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

सोमवारी उजाडताच ह्यांनी आमचा हौद सोडला. लाईनीत दुसरं कुणीच सोडलं नाही. मी खिडकीत चहाचा कप घेऊन पाहत उभी होते.

खाली नदीत अक्का पाट डोक्यावर घेऊन पाण्यात उतरली होती, मागे गावातल्या बाया. फेस आला तो त्यांच्या कमरेपर्यंत चढला. पोरी किंचाळत बाहेर पळाल्या. अक्का नाही पळाली. डोक्यावर देवी असताना कशी पळेल? तिनं त्या घाणीतच कानबाई बोळवली. नंतर कितीतरी दिवस तिच्या पायांची आग होत होती, कातडी सोलून निघाली. फोनवर रडत होती — पायांसाठी नाही, देवीला तसल्या पाण्यात सोडली म्हणून. मी पण रडले. खरंच रडले हो. ते रडणं खोटं होतं असं मला आजही म्हणवत नाही, आणि हेच मला कळत नाही.

मग मी त्यावर कविता लिहिली. 'तुला बोळवायला आणली माय, तर नदीच आधी गेलेली' — अशी सुरू होते. दिवाळीनंतर धुळ्याच्या संमेलनात म्हटली. टाळ्या थांबेनात. अक्का माहेरी आली होती, ती मागच्या खुर्चीत पदर तोंडाला लावून बसलेली. संपल्यावर पायऱ्यांवर तिनं माझा हात धरला. "कोनी सोडं व्हतं वं ते पाणी? तुले ते मालूम व्हईन."

लोक माझ्यासोबत फोटो काढायला थांबले होते. गळ्यात शाल होती. आणि मी — काही ठरवलं होतं असं नाही, विचार करायला वेळही नव्हता — म्हणाले, "गुलाबभाऊंनी."

तिनं मान हलवली. तिला खरं वाटलं. की नव्हतं वाटलं? माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत होती, असं आता वाटतं.

माहेरचं गाव ट्रॅक्टर भरून गुलाबभाऊंच्या दारात आलं. पाईप फोडला, तक्रार झाली, साहेबलोक आले. एरवी पाणी सगळेच सोडायचे, लाईनीतल्या कुणाकडेही बोट दाखवता आलं असतं, पण गावाला एकच नाव माहीत होतं. त्यांचं युनिट बंद झालं. ह्यांनी रात्रीतून आमचा पाईप बुजवला आणि जेवताना म्हणाले, "आपण वाचलो." त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. ती कविता मात्र मी म्हणतच राहिले, बोलावतील तिथे. मुक्ताईनगरला म्हटली, नशिराबादच्या शाळेत म्हटली. कुणी तरी मोबाईलवर टाकली.

परवा धुळ्याच्या स्टँडवर जळगावच्या बसची वाट पाहत होते, तर समोर गुलाबभाऊ. वाळले होते. आता तिथेच कुणाच्या तरी दुकानात कामाला आहेत. मला वाटलं, आता मला शिव्या देणार. द्याव्यात, असंही वाटलं.

ते म्हणाले, "वहिनी, तुमची कविता पोरीनं ऐकवली. मी माणसाला बंद ठेव म्हणून सांगून गेलो होतो. तो रडून सांगत होता, मी सोडलं नाही म्हणून. मी त्याच्या थोबाडीत मारली, काढून टाकला त्याला. पण शेवटी हौद तर माझाच ना? तुमच्या माहेरच्या बायांचे पाय भाजले माझ्यामुळे. कधीचं बोलायचं होतं. माफ करा मला." आणि वयानं मोठा माणूस, भर स्टँडवर त्यांनी मला हात जोडले.

तेव्हाही सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो, बस यायला वेळ होता.

मी पदर सावरला. म्हणाले, "असू द्या भाऊ. मी तुम्हाला केव्हाच माफ केलं."

त्यांना इतकं हलकं वाटलं की बस लागल्यावर माझी पिशवी त्यांनी मला उचलू दिली नाही, स्वतः आत आणून ठेवली.