फुलसिंगने उकरलेली कोठडी

हळदीच्या मुलखात अळ्या पाळणं म्हणजे घरात चोर सांभाळणं. लोक वावरात पिकाची मुळं खाणारी हुमणी अळी दिसली की ठेचतात, आणि तांड्यावरचा फुलसिंग उकिरडे उकरून गेंडा भुंग्याच्या अळ्या घरी आणायचा. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत कुजकं शेणखत भरून त्यांना वाढवायचा. बायको रुक्माबाई कपाळावर हात मारून घ्यायची. पण शिंगवाला भुंगा बाहेर पडला की अख्खा तांडा बघायला लोटायचा, आणि तो दिवस फुलसिंगचा असायचा.

हा नाद त्यानेच रत्नपालला लावला. रत्नपालचं बाळापूरच्या फाट्यावर पंक्चरचं दुकान. त्याला पहिल्याच खेपेला अशी थोराड अळी गावली, की फाट्यावर चहाला येणारा जो तो आधी तिची बादली बघायचा. शिष्य गुरूच्या वर जावा, हे बोलायला सोपं. फुलसिंगला अन्न गोड लागेना.

पुढे अळीने खाणं सोडलं आणि खतातच गोल कोठडी करून ती भुंगा व्हायला आत निजली. आता हात लावायचा नाही, कोठडी फुटली तर पंख धड होत नाहीत, हे फुलसिंगनेच रत्नपालला बजावलं होतं. एका दुपारी रत्नपाल दुकान त्याच्या हवाली करून टायर आणायला हिंगोलीला गेला. नुसतं शिंग केवढं आलंय ते बघावं, म्हणून फुलसिंगने बोटाने कोठडी उकरली. शिंग त्याच्या आजवरच्या सगळ्या भुंग्यांपेक्षा मोठं होतं. त्याने घाईघाईने खत वर लोटलं.

भुंगा निघाला तो वाकड्या पंखांचा. रत्नपाल स्वतःलाच बोल लावत बसला.

"दादा, माझ्याच हातून बादली हलली असंल."

"व्हतं असं," फुलसिंग म्हणाला. खरं काय ते जिभेवर आलं होतं, पण त्याने गिळलं.

त्यानंतर लवकरच फुलसिंगचाही भुंगा निघाला, धडधाकट, चकचकीत. तिन्हीसांजेला मिरवत तो फाट्यावर आला आणि सगळ्यांसमोर मूठ उघडली. भुंग्याने पंख पसरले नि भर्रकन बाभळीपल्याड निघून गेला. लोक पोट धरून हसले.

रत्नपालच्या मनगटावर त्याचा अधू भुंगा केळ्याची फोड चाखत निवांत बसला होता.

"ह्यो काई मला सोडून जाऊन न्हाई राहिला, दादा," रत्नपाल मायेने म्हणाला.

त्या भुंग्याला अधू कुणी केलं, हे फुलसिंगला पक्कं ठाऊक होतं. तरी त्या मनगटाकडे बघून तो आतल्या आत जळत राहिला.